फौजेचा सातबारा

शौर्यपदक मागायचं नसतं आणि सेवापदक मागितल्याशिवाय मिळेलच असं नसतं. दिघीत राहायला आल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की आता घरातले माझ्या आधीच बोलून टाकतात. फौजेत माझी नोकरी क्लार्कची. आधी युनिटच्या ऑफिसात, शेवटची वर्षं एका रेकॉर्ड ऑफिसात. रायफल हातात यायची ती रेंजवर, बाकी सगळा काळ रजिस्टर आणि टाइपरायटर. सुभेदार होऊन बाहेर पडलो तेव्हा वाटलं, कागद सुटले. पण दिघी, भोसरी, चऱ्होली या पट्ट्यात माजी सैनिकांची घरं इतकी, की गल्लीत फौजी क्लार्क राहायला आलाय ही बातमी पसरायला वेळ लागत नाही.

डिसेंबर संपत आला की फोन वाढतात. चाकण, तळवडे, भोसरीच्या कारखान्यांच्या गेटवर उभी असलेली माणसं बरीचशी आमचीच. काही मेस्कोतर्फे, म्हणजे महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळातर्फे लागलेली, काही खासगी एजन्सीकडून. २६ जानेवारीला कंपनीत झेंडावंदन असतं, प्लांटचे मोठे साहेब येतात, आणि एचआरचा निरोप येतो की माजी सैनिकांनी मेडल लावून यावं. मग घरातली ट्रंक उघडते. तिच्यात गरम कोट निघतो, बेरी टोपी निघते, मेडल मात्र एखाददुसरंच. मग पुण्याच्या कॅम्पात लष्करी सामानाच्या दुकानात जायचं. दुकानदार विचारतो, "कोणकोणती लावू?" आणि सतरा-अठरा वर्षं नोकरी केलेला माणूस दुकानातूनच मला फोन लावतो.

दुकानातलं मेडल लावण्यात लबाडी नाही, हे आधीच सांगतो. सरकारी मेडल कोलकात्याच्या टांकसाळीत बनतं, कडेवर जवानाचा नंबर आणि नाव कोरलं जातं, आणि ते हातात पडेपर्यंत वर्षं जातात. नोकरीतले जवानही तोवर बाजारातलंच लावतात. मला काळजी असते ती दुसऱ्या गोष्टीची. ते लावायचा तुम्हाला अधिकार आहे, हे कुठल्या कागदावर लिहिलंय?

लोकांच्या डोक्यात मेडल म्हटलं की परमवीर चक्र येतं. आमच्या शेजारच्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढून रणगाड्यांना रस्ता करून दिला, त्याबद्दल त्यांना परमवीर चक्र मिळालं. असं पदक वरिष्ठांनी शिफारस करायची असते. वर जात जात ती छाननीतून पार पडते आणि मग सरकार जाहीर करतं. जवानाने स्वतः अर्ज करून 'मी शूर होतो' असं सांगायची सोय त्यात नाही, आणि नाही तेच बरं.

सेवापदकाचा हिशेब वेगळा. तिथे शौर्य कोणी मोजत नाही. तुम्ही अमुक तारखेला नोकरीत होता का, किंवा अमुक भागात इतके दिवस होता का, एवढंच बघतात. १९७१ च्या लढाईचंच घ्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, पूर्वेला जमालपूरला लढली. तिथल्या जवानाला पूर्वी स्टार. पूना हॉर्सचे रणगाडे पश्चिमेला शकरगडच्या मोर्चावर बसंतर नदी ओलांडून गेले. त्यांना पश्चिमी स्टार. आणि त्याच दिवसांत देहूरोडच्या डेपोत पेट्या मोजत बसलेला जवानही युद्धकाळात नोकरीवर होताच, म्हणून संग्राम मेडल त्यालाही. १९६५ च्या लढाईचंही तसंच. रणक्षेत्रात होता त्याला समर सेवा स्टार. ५ ऑगस्ट १९६५ ला ज्याची नोकरी १८० दिवसांची झाली होती, त्याला रक्षा मेडल, मग तो कुठेही असो. नऊ हजार फुटांच्या वर एकूण १८० दिवस काढले की हाय अल्टिट्यूड मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, १५ ऑगस्ट १९९७ ला असलेल्याला पन्नासाव्या वर्षाचं, १५ ऑगस्ट २०२२ ला असलेल्याला पंचाहत्तराव्या वर्षाचं. यात मेहेरबानी कसली? अट पुरी झाली की हक्क झाला. पण आमच्या माणसाला मेडल मागणं म्हणजे मोठेपणा मागणं वाटतं, आणि तो गप्प बसतो.

या घोटाळ्यात भर पडली ती 'चंदू चॅम्पियन' सिनेमाने, २०२४ साली. मुरलीकांत पेटकर आमच्या पिंपरी-चिंचवडला परके नाहीत. मूळचे सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडचे, फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे वाहनं-यंत्रं सांभाळणाऱ्या कोअरमध्ये. १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर गोळ्या लागल्या, पाय निकामी झाले. पुढे १९७२ च्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून त्यांनी सुवर्णपदक आणलं, वेळ ३७.३३ सेकंद. नंतर टेल्कोत नोकरी केली. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. २०१८ मध्ये पद्मश्री, आणि जानेवारी २०२५ मध्ये जीवनगौरव म्हणून अर्जुन. सिनेमा बघून आलेले फौजी मला सांगायला लागले, "साहेब, पेटकरांना एवढी वर्षं लागली, आपल्याला कोण विचारतो?" मी त्यांना एकच सांगतो. पुरस्कार द्यायचा की नाही हे सरकारच्या मनावर असतं, तिथे वर्षं लागू शकतात, नकारही येऊ शकतो. तुमचं नऊ वर्षांच्या सेवेचं मेडल कोणाच्या मनावर नाही. ते कॅलेंडरवर आहे.

मग कॅलेंडर बरोबर असताना नोंद का राहते?

चाकणच्या एका गेटवर काम करणारे एक हवालदार माझ्याकडे आले, त्यांच्याच कागदांवरून सांगतो. १९९५ ची भरती, २०१२ ची निवृत्ती. डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन रबर. मेडलच्या रकान्यात तीन नोंदी: नऊ वर्षांच्या सेवेचं, सैन्य सेवा मेडल आणि ऑपरेशन पराक्रमचं. तिसरी नोंद वेगळ्या शाईत, वेगळ्या हातातली. दर २६ जानेवारीला ते लावत मात्र चार, चौथं ऑपरेशन विजयचं, म्हणजे कारगिलच्या वेळचं. १९९५ चा माणूस १५ ऑगस्ट १९९७ ला नोकरीत होता हे उघड आहे, तरी पन्नासाव्या वर्षाचं मेडल बुकात नाही. लेहकडे दोन वर्षं काढलेली, तरी हाय अल्टिट्यूड नाही.

चाकणच्या शेतकऱ्याला मी हे सातबाऱ्यावरून समजावतो, कारण एमआयडीसी आल्यापासून तिथल्या पोरासोरालाही फेरफार कळतो. डिस्चार्ज बुक हा तुमच्या हातातला सातबारा. तो आपोआप बदलत नाही. आधी फेरफार मंजूर व्हावा लागतो. फौजेत त्या फेरफाराचं नाव पार्ट टू ऑर्डर. लग्न झालं, मूल झालं, बदली झाली, मेडल मंजूर झालं, प्रत्येक गोष्टीची युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं, ती रेकॉर्ड ऑफिसात जाते, तिथे तुमच्या शीट रोलवर नोंद चढते. ऑर्डरच निघाली नाही, तर तुम्ही हिमालयात कितीही वर्षं काढा, कागदाच्या हिशेबी तुम्ही तिथे नव्हता.

ऑर्डर राहून जाण्याची कारणं अगदी साधी असतात. जवान मेडलला पात्र होतो आणि त्याच महिन्यात त्याची बदली होते. जुनं युनिट म्हणतं नवं काढेल, नवं म्हणतं जुन्याने काढली असेल. कधी जवान दुसऱ्या युनिटला अटॅच असतो आणि त्याचे दिवस दोन्हीकडे मोजायचे राहतात. कधी मेडल जाहीर होऊन मंजुरी खाली पोचेपर्यंत माणूस पेन्शनवर गेलेला असतो. आणि निवृत्तीच्या दिवशी कोण रकाने तपासतो? सगळं लक्ष पेन्शनच्या कागदावर आणि घरच्या गाडीच्या तिकिटावर. माझ्यासमोर शेकडो जणांनी 'तपासून घेतलं, बरोबर आहे' याखाली सही केली असेल. वाचून किती जणांनी केली, ते विचारू नका.

नावांचा एक वेगळाच खेळ. भरतीच्या रांगेत नाव लिहून घेणारा क्लार्क पंजाबचा नाहीतर बिहारचा. ज्ञानेश्वरचा ग्यानेश्वर होतो, आडनाव गळतं, वडिलांचं नाव आडनावाच्या जागी बसतं. गावात ज्याला सगळे आडनावाने हाक मारतात तो फौजेत किसन बाबुराव असतो. नोकरीभर काही अडत नाही, कारण फौज नंबरावर चालते. अडतं ते पुढे. आता पेन्शन 'स्पर्श' या संगणकी व्यवस्थेवर गेल्यापासून आधार, पॅन आणि पेन्शनचा पीपीओ यांतली नावं जुळत नाहीत म्हणून लोक येतात, आणि तो गुंता सोडवताना मेडलचा रकानाही पहिल्यांदा उघडला जातो. म्हणून मी सांगतो, नाव आणि मेडल दोन्ही दुरुस्त करायचं असेल तर आधी नाव. नाहीतर मेडलच्या कडेवरही चुकीचंच नाव कोरून येईल.

तर हवालदारांना समोर बसवलं आणि विचारलं, लेहला कधी गेलात?

"साहेब, थंडी अशी की रॉकेल गोठायचं..."

"थंडी राहू द्या. तारीख सांगा."

"तारीख... गणपती नुकते उठले होते."

"कोणत्या सालचे?"

असं तासभर. फौजी माणूस गोष्ट उत्तम सांगतो, पण रेकॉर्ड ऑफिसला गोष्टीचा काही उपयोग नाही. तिथल्या क्लार्कच्या टेबलावर दिवसाला पुष्कळ पत्रं पडतात. पत्रात सुरुवातीलाच आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि निवृत्तीची तारीख असेल आणि खाली 'अमुक युनिटमध्ये असताना, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, अमुक ठिकाणी' एवढं असेल, तर तो शीट रोल उघडतो. 'मी देशासाठी सर्वस्व दिले' असं सुरू झालेलं पत्र तो बाजूला ठेवतो. मीही ठेवायचो.

हवालदारांच्या बायकोने एक बिस्किटांचा डबा आणून दिला. त्यात घरी पाठवलेली पत्रं. लिफाफ्यांवर पाठवणाऱ्याचा पत्ता ५६ एपीओचा, म्हणजे फौजी टपालाचा, आणि त्यावरून जवान कुठे आहे हे कळू नये हाच त्याचा हेतू, त्यामुळे ठिकाणाला पुरावा म्हणून शून्य. पण डब्याच्या तळाशी रजेची दोन सर्टिफिकेटं निघाली, घडीवर फाटलेली. त्यावर युनिटचं नाव, रजेवर निघाल्याची तारीख आणि ट्रान्झिट कॅम्पचा शिक्का. असा कागद सोन्यासारखा. मूव्हमेंट ऑर्डर, रेल्वे वॉरंटची झेरॉक्स, कोर्सचं सर्टिफिकेट, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, जे तारीख आणि जागा दोन्ही सांगेल ते जपून ठेवावं.

पत्र कुठे पाठवायचं यावरही लोक गोंधळतात. बरेच जण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन 'माझं मेडल द्या' म्हणतात. ते कार्यालय अर्ज लिहायला मदत करतं, शिफारसपत्र लावून पुढे पाठवतं, पण तुमचे कागद तिथे नसतात. कागद तुमच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्डात. बॉम्बे सॅपर्सवाल्याला खडकी जवळ, मराठा लाइट इन्फन्ट्रीवाल्याला बेळगाव, तोफखान्याला नाशिकरोड, रणगाड्यांना अहिल्यानगर, महार रेजिमेंटला मध्य प्रदेशातलं सागर, ईएमईला सिकंदराबाद. नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. स्पीड पोस्टने पाठवा, पावती डिस्चार्ज बुकातच ठेवा. फी काही नाही. 'मेडल काढून देतो, एवढे लागतील' म्हणणारा भेटला तर त्याला माझ्याकडे पाठवा, मला त्याच्याशी बोलायचंय. उत्तरच आलं नाही तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून आपल्याच शीट रोलची आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत मागता येते, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे, तिथेही जाता येतं, पण अंतिम नकारानंतर सहा महिन्यांच्या आत. सेवापदकासाठी वकील लावायला माझा सल्ला नसतो. दुसरं पत्र नीट लिहा.

सगळ्यात अवघड ते जुने. राजगुरुनगरकडच्या एक आजी नातवाबरोबर आल्या. नातू चाकणलाच एका कंपनीत लाइनवर. आजींचे यजमान १९७१ च्या लढाईत होते, १९७३ ला पेन्शनशिवाय घरी आले, शेती केली, गेले. मेडल एकही नाही. आता पेन्शन नसलेल्या जवानाचे सेवेचे कागद रेकॉर्ड ऑफिस ठरावीक मुदतीपर्यंत, साधारण २५ वर्षं, ठेवतं आणि मग नष्ट करतं. हा नियमच आहे. राहतो तो लाँग रोल. मोठं रजिस्टर, त्यात प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ: नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज. ते कायम जपतात. या एका ओळीवर काय मिळू शकतं आणि काय नाही, ते बघा. संग्राम मेडलला तारीख पुरते. १५ ऑगस्ट १९७२ च्या मेडललाही तारीखच पुरते. या दोन्हींसाठी वारस म्हणून आजींचा अर्ज टिकणारा होता. पश्चिमी स्टारला जागा सिद्ध करावी लागते, आणि जागा सांगणारे कागद मुदत संपून गेलेले. आजींकडे जालंधरच्या एका स्टुडिओत काढलेला यजमानांचा फोटो होता, छातीवर रिबनी. नातू म्हणाला, "सुभेदार काका, हा पुरावा नाही का?" फोटो जुना आहे, खरा आहे. पण स्टुडिओत कोणी कोणाच्या रिबनी तपासत नाही. रेकॉर्डात मी असतो तर मीही मानला नसता. तरी अर्जाला त्याची प्रत जोडली, पलटणीचं नाव लिहिलं आणि त्या पलटणीच्या युद्धाच्या डायरीत यजमानांची कंपनी कुठे होती ते बघावं, अशी विनंती केली. दोन मेडलं मंजूर झाली. स्टारचं पत्र अजून फिरतंय.

अमेरिकेत तर याहून मोठी आपत्ती झाली. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागली आणि सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या. तेव्हापासून तिथले लोक पगारपत्रकं आणि हॉस्पिटलच्या नोंदी जुळवून एकेकाची नोकरी पुन्हा उभी करताहेत. त्यांची एक पद्धत मला क्लार्क म्हणून आवडते. डिस्चार्जच्या मूळ कागदावर खाडाखोड करत नाहीत, दुरुस्तीचा वेगळा कागद, डीडी-२१५, काढून त्याला जोडतात. कधी, काय, का बदललं ते कायम दिसतं. आपल्याकडच्या डिस्चार्ज बुकांतली वेगवेगळ्या शाया आणि ओव्हररायटिंग बघून मला नेहमी त्याची आठवण होते.

पैशाचं विचाराल, तर शौर्यपदकाला केंद्राचा मासिक भत्ता असतो, राज्य सरकारही रक्कम देतं. सेवापदकाला छदामही नाही. म्हणून घरचे म्हणतात, कशाला एवढी यातायात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पोराच्या लग्नपत्रिकेत नावापुढे हुद्दा हवा म्हणून भांडणारे हेच लोक असतात.

हवालदारांचं उत्तर काही महिन्यांनी आलं. पन्नासाव्या वर्षाचं मंजूर, हाय अल्टिट्यूड मंजूर, दोन्हींच्या पार्ट टू ऑर्डरचे नंबर दिलेले. मेडल साठा आल्यावर पाठवू असं खाली. आणि आम्ही थेट न विचारलेलंही एक वाक्य त्यात होतं, कारण मी सगळ्या मेडलांची यादी पडताळून मागितली होती. ऑपरेशन विजयचं मेडल नाही. युनिट सीमेवर गेलं तेव्हा, १९९९ च्या उन्हाळ्यात, हे सेंटरला कोर्सवर होते. कोर्सचं सर्टिफिकेट त्यांच्याच डब्यात होतं, तारखेसकट, मीच त्याची प्रत जोडली होती.

हवालदार पत्र वाचून बराच वेळ माझ्याशी वाद घालत होते. युनिट माझं, पोरं माझी, दोन जण परत आले नाहीत, आणि मेडल माझं नाही? मी म्हटलं, तैनातीत नव्हता तर नव्हता. नियम दोन मेडलं देतो तेव्हा बरोबर आणि एक काढतो तेव्हा चूक, असं चालत नाही. चिडून गेले. जानेवारीच्या आधी कॅम्पातल्या त्याच दुकानात जाऊन त्यांनी मेडलांचा बार नवा करून घेतला, चाराच्या जागी पाच. विजयची रिबन दुकानदाराला परत दिली, तर तो म्हणाला, वापरलेल्या मालाचे पैसे परत नाहीत. ही तक्रार मात्र त्यांनी मला फोनवर अगदी सविस्तर सांगितली, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, मेहुणा तोफखान्यातून येत्या मार्चला निघतोय, त्याचं बुक आत्ताच बघाल का?

आत्ताच बघणार. नोकरीत असताना युनिटचा क्लार्क दोन दिवसांत ऑर्डर काढतो, बाहेर पडल्यावर त्याच कामाला दोन वर्षं लागतात.